चोर्ला घाटासाठी ईव्ही घ्यावी की जुनी आरएसच ठेवावी?

घाटवेडा_म्हापसा:
मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून विचारतोय. माझ्याकडे २००५ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे, १.८ टर्बो पेट्रोल, १५० पीएस (हॉर्सपॉवरच समजा), मॅन्युअल. रविवारी पहाटे निघायचं, साखळी, केरी, मग चोर्ला, वर चहा मारायचा आणि परत, आमचं देवदर्शनच ते. गेल्या रविवारी आतेभावाची महिंद्राची इलेक्ट्रिक बीई ६ नेली, ७९ युनिटची बॅटरी, २८६ पीएस, आणि झोपच उडाली राव. हेअरपिनमधून बाहेर पडताना नुसता पाय ठेवला की सुटते, माझ्यासारखं दुसरा गिअर टाकून टर्बो जागा व्हायची वाट बघायला नको. पण घरी आल्यावर बायकोने विचारलं कसं वाटलं, तर सांगायला काहीच नाही, जोरात गेलो एवढंच. विकू की ठेवू?

दुसरा_गिअर:
ठेव. तुला चटक वेगाची नाहीये, कामाची आहे. वळणाआधी ब्रेक, त्याच पायाच्या टाचेने जराशी रेस, तिसऱ्यातून दुसरा, जमलं तर आपणच खूश आणि नाही जमलं तर गाडी हिसका देऊन सांगते. ईव्हीत चुकायलाच जागा नाही. ह्युंडाईची आयोनिक ५ एन बघ, २०२३ला आली, बूस्टमध्ये ६५० पीएस, तरी त्यात मुद्दाम खोटे गिअर आणि खोटा आवाज घातलाय. म्हणजे काय हरवलं ते त्यांनाही कळलंय की! वर वजन २२०० किलोच्या आसपास. आपल्या गावातल्या रस्त्यांवर, एका बाजूला गडगा आणि दुसऱ्या बाजूला गटार, हलकी गाडी साठलाच मजा देते.

अनमोड_रिटर्न:
वजन वजन काय करताय, बॅटरीचं वजन फरशीखाली असतं, त्यामुळे वळणात गाडी कमी कलते. आणि उताराचं कोणी बोलतच नाही. दोन टनांची गाडी ७०० मीटर खाली उतरली तर हिशेबाने पावणेचार युनिट होतात, त्यातले निम्म्याहून जास्त बॅटरीत परत. आपल्या पेट्रोलवाल्यांचे तेच इंजिन ब्रेकिंगमध्ये आणि डिस्क तापवण्यात जातात आणि खाली पोचेपर्यंत पॅडचा वास (माझा अनुभव, हसू नका). फक्त वर पोचताना बॅटरी फुल्ल नको, नाहीतर रिजन (उतारावर बॅटरी परत भरणं) जवळजवळ बंद. आणि ब्रेक कमी लागतात म्हणून आपल्या खाऱ्या हवेत डिस्कवर गंज चढतो, मधूनमधून मुद्दाम जोरात दाबायचे.

पावसाळी_बेडूक:
ढग दिसला की आमच्या वाड्यावर लाईट जाते, चार्जिंगचं आधी बघ. बाकी जुलैच्या धुक्यात चोर्ल्याला दोन्ही गाड्या तीसनेच जाणार, त्यात वळणावर गाय बसलेली.

घाटवेडा_म्हापसा:
देव बरें करूं सगळ्यांना. @अनमोड_रिटर्न तो वास माझ्याही ओळखीचा आहे 😄 तुझा हिशेब पटला, पण काल परत आरएस घेऊन गेलो, एक डाऊनशिफ्ट असा काही बसला की घरी येऊन बायकोला दहा मिनिटं तेच सांगत होतो, ती बिचारी चपात्या लाटतेय. तर ठेवतोय. रोजच्या म्हापसा-पणजीला मात्र क्लच दाबून गुडघा गेलाय, त्यासाठी एखादी छोटी सेकंडहँड ईव्ही बघीन. आता आरएसचा टायमिंग बेल्ट करायचाय, बार्देशात १.८ टर्बोला हात लावणारा मेस्त्री आहे का कोणी?