मदत हवी आहे: स्टॅक ओव्हरफ्लोवर तीन उत्तरं आली, टिक कोणाला देऊ?

अमोल_निफाड
जरा लवकर सांगा. स्टॅक ओव्हरफ्लोवर, म्हणजे प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर, पहिल्यांदाच प्रश्न टाकला. पांडाजने (पायथनमधली डेटा हाताळायची लायब्ररी) काढलेली सीएसव्ही, म्हणजे साध्या मजकुरातली तक्त्याची फाइल, एक्सेलमध्ये उघडली की मराठी नावांचा नुसता कचरा दिसतो, एवढाच प्रश्न.

पहिलं उत्तर लगेच आलं, एका ओळीचं: एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) 'यूटीएफ-८-सिग' द्या. दिलं, नावं नीट दिसली. दुसरं संध्याकाळी आलं, लांबलचक, हे असं का होतं ते सगळं सांगणारं. तिसरा म्हणतो सीएसव्ही सोडा, थेट एक्सएलएसएक्स, म्हणजे एक्सेलचीच फाइल, काढा. तेही चालतं.

आता पहिल्याने कॉमेंट टाकलीय की काम झालं असेल तर ॲक्सेप्ट करा. ॲक्सेप्टची ती हिरवी टिक एकालाच देता येते आणि वेळ तिघांनी काढलाय. कोणाला द्यावी?

देवगडकर
पहिल्याला. तू विचारलंस, त्याने सोडवलं. ॲक्सेप्ट केलं की त्याला १५ गुण मिळतात, तुला २. कित्येक जण काम झालं की टिक न देताच गायब होतात, तेवढं करू नकोस.

शुभांगी_के
घाई कशाला? पहिली १५ मिनिटं तर साइटच टिक देऊ देत नाही, ती उगाच नाही. मी निदान एक दिवस थांबते. आणि दिलेली टिक नंतर हलवता येते. माझं मत दुसऱ्याला. उद्या हाच प्रश्न घेऊन गूगलवरून येणाऱ्याला एका ओळीतून काय कळणार?

देवगडकर
पुढच्यांची काळजी वाचकांची मतं (अपव्होट) घेतात. २०२१ पर्यंत टिकवालं उत्तर सगळ्यात वर चिकटलेलं असायचं, तेव्हा हा मुद्दा बरोबर होता. आता क्रम मतांवर लागतो. टिक म्हणजे फक्त विचारणाऱ्याने सांगायचं की माझं काम याने झालं.

शुभांगी_के
क्रम बदलला, लोकांची नजर नाही बदलली. हिरवी टिक दिसली की खालचं कोणी वाचत नाही.

टाकबोरू
अमोल, फाइल पुढे कुठे जाते? फक्त माणसंच उघडतात की दुसरी एखादी प्रणाली पण वाचते?

अमोल_निफाड
त्याचा टिकशी काय संबंध? पतसंस्थेच्या सभासदांची यादी आहे. शाखेतल्या ताई एक्सेलमध्ये उघडून बघतात.

मी_वऱ्हाडी
आधी मजकूर युनिकोडमध्ये आहे का ते बघा. आमच्याकडे सगळा जुना डेटा श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये होता, तो बदलताना जोडाक्षरांनी रडवलं. फॉन्ट मंगल करून पाहा.

देवगडकर
फॉन्टचा प्रश्नच नाहीये इथे. नावं दिसायला लागलीत त्याची.

टाकबोरू
ताईंनी बघितल्यावर फाइलचं काय होतं?

अमोल_निफाड
मी काढलेली तीच फाइल एसएमएसच्या पोर्टलवर चढवतो. आज सकाळपासून ते 'सभासद_क्र कॉलम सापडला नाही' म्हणून अडून बसलंय. कॉलम तर समोर दिसतोय. तो वेगळा विषय आहे, पोर्टलवाल्यांना फोन केलाय.

टाकबोरू
वेगळा नाही, हाच विषय आहे. सभासद_क्र पहिला कॉलम ना? आणि तक्रार फक्त त्याचीच?

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. एक्सेलला कोणी सांगितलं नाही तर ते त्या तीन बाइटना तीन वेगळी अक्षरं समजतं, तोच तुमचा कचरा. 'सिग' दिलं की फाइलच्या अगदी सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट लागतात. तीच बीओएम, आणि ती बघून एक्सेल ओळखतं. पण ज्या प्रणालीला बीओएम काढता येत नाही, तिला ती पहिल्या कॉलमच्या नावाला चिकटलेली मिळते. डोळ्यांना दिसत नाही. फाइल पायथनच्या साध्या ओपनने यूटीएफ-८ म्हणून उघडा आणि पहिली ओळ रीपर करून छापा, म्हणजे लपलेली चिन्हंही दिसतील.

अमोल_निफाड
छापली. सभासदच्या आधी बॅकस्लॅश यू एफईएफएफ आहे, म्हणजे तीच बीओएम. दुसऱ्या उत्तरात शेवटच्या परिच्छेदात नेमकं हेच आहे: दुसऱ्या प्रणालीला द्यायची फाइल साध्या यूटीएफ-८ मध्ये काढा. काढली, पोर्टलने घेतली. म्हणजे टिक दुसऱ्याला?

देवगडकर
हे पटत नाही. तुझ्या प्रश्नात पोर्टलचा शब्द नव्हता. पहिल्याने विचारलं तेवढ्याचं बरोबर उत्तर दिलं. न विचारलेल्या गोष्टीसाठी त्याची टिक का जावी? आणि आता प्रश्नात पोर्टल घुसडू नकोस, आधीची बरोबर उत्तरं चुकीची ठरतात.

शुभांगी_के
प्रश्न बदलू नये हे शंभर टक्के. पण ही काही प्रश्नपत्रिका नव्हे. फाइल खऱ्या कामात दुसऱ्या उत्तराने चालली, मग टिक तिकडेच. पहिल्याला अपव्होट द्या.

अमोल_निफाड
देता येत नाही, १५ गुण लागतात म्हणे. माझे ११ आहेत.

शुभांगी_के
टिक दिलीत की २ मिळून १३. एखाद्या जुन्या पोस्टमध्ये खरीखुरी सुधारणा सुचवा, मंजूर झाली की आणखी २. झाले १५. मग दोघांनाही मत द्या, त्यांना प्रत्येकी १० मिळतील. आणि स्वतःच्या प्रश्नाखालच्या उत्तरांवर कॉमेंट करायला गुण लागत नाहीत. पहिल्याला आजच लिहा की एक्सेलचं काम तुमच्या ओळीने झालं, पोर्टलला बीओएम चालली नाही. वाचणाऱ्यालाही कळेल.

रात्रपाळी
तिसऱ्याचं कोणी नावच काढत नाहीये. अमोल, सभासद क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य आहेत का?

अमोल_निफाड
आहेत. ००४५१ असे.

रात्रपाळी
ताईंना ४५१ दिसत असणार. सीएसव्ही थेट उघडली की एक्सेल त्याला आकडा समजतं आणि शून्य उडवतं. खाते क्रमांक १५ अंकांपेक्षा मोठे असतील तर पुढचे अंकही शून्य होतात. ताईंनी एकदा सेव्ह केलं की गेलं. पांडाजमध्ये वाचतानाच डीटाइप (कॉलमचा प्रकार) स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, द्या आणि ताईंना एक्सएलएसएक्सच पाठवा. सीएसव्ही फक्त पोर्टलला.

अमोल_निफाड
ताईंना फोन केला, ४५१च दिसतंय. सेव्ह केलं नव्हतं. आजपासून दोन फाइली काढतो.

टिक दुसऱ्याला दिली. पोर्टल अडलं होतं ते त्यानेच सुटलं. पहिल्याच्या खाली शुभांगीताईंनी सांगितलं तसं लिहिलं, तिसऱ्याच्या खाली शून्याचं लिहिलं. मतं गुण झाले की.

देवगडकर
माझं मत अजूनही पहिल्यालाच. पण कॉमेंट टाकलीस ते फार बरं केलंस.