थंडीत पळायला टाइट्स घ्यायची आहे, सरकणार नाही अशी कशी ओळखायची?

मंडळी, मदत हवी आहे. मागच्या हिवाळ्यात पळण्याला चक्क दांडी मारली होती, यंदा नाही मारायची असं ठरवलंय. पहाटे निघते तेव्हा ४-५ डिग्री असतं, कधीकधी वाराही असतो, अंतर साधारण ८ किमी.

आधी घरातली कॉटनची लेगिंग घालून गेले. पहिले दोन किमी बरे गेले, मग घामाने जी ओली झाली ती वाळेचना, आणि परत येताना वारा समोरून आला तेव्हा मांड्या अशा बधिर झाल्या की चिमटा काढला तरी कळेना. मग ऑनलाइन एक जाड टाइट्स मागवली, आतून मऊ लव असलेली. ऊब झक्कास आहे पण मेली दर पाच मिनिटांनी खाली येते. ग्लोव्हज दातांनी ओढून काढायचे, टाइट्स वर घ्यायची, परत ग्लोव्हज घालायचे, हा सगळा कार्यक्रम रस्त्यावरच्या दिव्याखाली उभं राहून! नाडी आहे, पण ती पहिल्याच धुण्यात नेफ्यात गडप झाली, सेफ्टी पिन लावून अर्धा तास सरकवत बाहेर काढली (टोकांना गाठ मारायला हवी होती, माहितीये, आता नका बोलू). शिवाय जांघेतली शिवण घासते, घरी येऊन अंगावर पाणी घेतलं की ब्रह्मांड आठवतं.

एक साइझ लहान घेऊ का? आणि लोकरीची घेतली तर टोचते का?

प्रतिसाद १
लहान साइझ अजिबात नको. ताणलेलं कापड गुडघा वाकवला की खालीच ओढलं जातं, आणि लव दबली की तिच्यात हवा राहत नाही, म्हणजे ऊबही गेली. आधी सांगा, फोन कुठे ठेवता?

धागाकर्ती
फोन कमरेला मागे जो चेनचा खिसा असतो त्यात. का?

प्रतिसाद १
मग चोर सापडला :) प्रत्येक पावलाला ते वजन आपटतं आणि टाइट्सचा कमरेचा पट्टा खाली खेचतं. मांडीच्या बाजूला खिसा असलेली घ्या नाहीतर वेगळा बेल्ट लावा. पट्टा चार बोटं रुंद आणि बेंबीपर्यंत येणारा असला की निम्मं काम होतं.

प्रतिसाद २
+१. कापड पॉलिस्टर किंवा नायलॉनचं, त्यात स्पॅन्डेक्स (ताणला जाणारा धागा) १५-२० टक्के असलेलं बघा, लेबलवर लिहिलेलं असतं. कॉटन घाम धरून ठेवतं म्हणून तुम्हाला तसं झालं. मेरिनो लोकर बारीक असते, सहसा टोचत नाही, ओली झाली तरी बऱ्यापैकी ऊब देते, पण लवकर विरते. जांघेसाठी टाइट्स उलटी करून बघा, चार शिवणी एकाच जागी येऊन भेटत असतील तर घेऊ नका. तिथे पतंगाच्या आकाराचा वेगळा तुकडा जोडलेला हवा आणि शिवणी चपट्या. तोवर व्हॅसलीन झिंदाबाद. आणि धुताना सॉफ्टनर नको, कापड घाम ओढायचं सोडून देतं.

प्रतिसाद ३
मला वाटतं तुम्ही जरा जास्तच गरम घेताय. पळायला लागलं की हवा आहे त्यापेक्षा ८-१० डिग्रीने गरम आहे असं धरून कपडे घालायचे, पहिली दहा मिनिटं कुडकुडायला झालं तर बरोबर कपडे घातलेत. मी ५ डिग्रीला साधीच घालतो, फक्त मांडीच्या पुढच्या भागाला वारा अडवणारं कापड असलेली, मागून साधी. लववाली शून्याच्या आसपासच घालतो. अर्थात प्रत्येकाची थंडी वेगळी. नवीन घेतलीत तर टॅग न काढता घरात गुडघे छातीपर्यंत उचलून जागेवर पळून बघा, तिथे सरकली तर परत करा.

धागाकर्ती
सगळ्यांना धन्यवाद! आत्ताच जुनी टाइट्स चढवून फोन टेबलावर ठेवला आणि जागेवर शंभर उड्या मारल्या, बोटभरसुद्धा हलली नाही. दोन महिने उगाच तिला शिव्या घातल्या. शिवणी मात्र मोजल्या, चारच आहेत आणि चारही एकाच जागी, तेव्हा नवीन घ्यावी लागणारच. पुढून वारा अडवणारी बघते.