प्रतिसाद: उत्तरेची भिंत काचेची नको
वरच्या पोस्टमध्ये हिवाळ्यात ऊबदार राहणाऱ्या काचेच्या हरितगृहाची (ग्रीनहाऊसची) उत्तरेची भिंतही काचेची ठेवायचं सुचवलंय. उत्तर गोलार्धात तरी ते नको. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला, त्यामुळे तिथून थेट ऊन येत नाही, ऊब मात्र रात्रभर निसटते. ती भिंत जाड बांधा, बाहेरून थर्माकोलसारखा उष्णतारोधक थर द्या आणि आतून पाण्याची काळी पिंपं लावा. 200 लिटरचं पिंप 10 अंशांनी निवताना सुमारे 2.3 युनिट विजेइतकी उष्णता सोडतं. तेवढ्याच आकाराचा दगड साधारण निम्मी. अर्थात पिंपांवर दिवसा ऊन पडायला हवं, नाहीतर ती नुसती जागा अडवतात. आणि सूर्य मावळताच काचेवर जाड पडदा! रोजचं कंटाळवाणं काम, म्हणून सगळे टाळतात. माझ्या मते पिंपांआधी खर्च तिथेच करावा.