कलाकृतीने तुमच्या हातून काय करून घेतलं?

'प्रेरणादायी' हा शब्द सकाळच्या सुविचारांनी पार झिजवलाय, म्हणून प्रश्न जरा फिरवून विचारते. एखादं चित्र, फोटो, संगीत किंवा वस्तू नुसती आवडली हे नको. त्यामुळे दुसऱ्या दिवशी तुम्ही काय वेगळं केलंत, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात. ऑन कावारा या चित्रकाराने १९६६ पासून कॅनव्हासवर फक्त त्या दिवसाची तारीख रंगवली. मध्यरात्रीपर्यंत चित्र पुरं झालं नाही, तर तो ते नष्ट करायचा. 'हे तर कुणीही करेल' म्हणून मी हसले होते. पण माझ्याकडे अर्धवट चित्रांची ही एवढी चळत! आता रोज पोस्टकार्डाएवढा कागद घेते, मुदत रात्री बारापर्यंत. नाही जमलं तर फाडायचा. पहिला कागद फाडताना जीव तुटला होता, आता सर्रास फाडते.

*

यावरून तेहचिंग श्ये आठवला, स्वतःच्या कृतीचीच कलाकृती करणारा कलाकार. १९८० ते ८१, अख्खं वर्ष, दर तासाला त्याने कारखान्यातल्यासारखं हजेरीचं कार्ड पंच केलं. रात्रीसुद्धा. ८,७६० पैकी १३३ वेळा चुकला आणि बहुतेकदा झोपेमुळे. मला त्या वर्षापेक्षा ते १३३ जास्त भिडले, कारण त्याने चुकलेल्यांचाही हिशेब ठेवला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझा व्यायाम एक दिवस बुडाला की आठवडाभर बुडायचा. आता वहीत खाडा कारणासकट लिहितो : 'झोपलो', 'पाहुणे', 'कंटाळा'. कंटाळ्याची संख्या सांगत नाही.

*

मी अपवाद. प्रदर्शनात माझे फक्त पाय दुखतात. वाचतोय मात्र.

*

संगीतकार स्टीव्ह राइशचं 'क्लॅपिंग म्युझिक' (१९७२) घरी करून बघा, वाद्य लागत नाही. बारा मात्रा : तीन, दोन, एक, दोन टाळ्या आणि प्रत्येक गटानंतर एक मात्रा रिकामी. एकाने हेच शेवटपर्यंत वाजवायचं, दुसऱ्याने ठरावीक आवर्तनांनंतर एकेक मात्रा पुढे सरकायचं. बाराव्यांदा सरकलं की दोघं परत एकत्र. आम्ही बहिणी अजून चौथ्याच्या पुढे गेलेलो नाही, कारण ती सरकली की मीही नकळत तिच्यामागे सरकते. 'तू तुझं वाजव ना!' हे ती लहानपणापासून मला वेगवेगळ्या बाबतींत सांगत आली आहे. दिवसभराच्या कामानंतर आम्ही फोन लांब ठेवून दहा मिनिटं टाळ्या वाजवतो. शेजाऱ्यांना काय वाटत असेल, देव जाणे.

*

माझं अगदी किरकोळ. ब्राउन कंपनीच्या ईटी ६६ कॅल्क्युलेटरचा (१९८७, डिझाइन डीटर राम्स आणि डीट्रिच लुब्स यांचं) फोटो पाहिला. त्यात 'बरोबर'चं (=) बटण तेवढं पिवळं. बाबांच्या रिमोटवर चालू-बंदच्या बटणाला पिवळी टिकली चिकटवली. दिवसातून सहा वेळा येणारी हाक बंद झाली. जोशात बाकीची बटणं चिकटपट्टीने झाकली, त्यावरून मात्र भांडण झालं. बरोबर त्यांचंच होतं. त्यांना मधूनच आवाज बंद करायला आवडतं, आणि ते बटण मी झाकलं होतं.

*

फोटोग्राफर सॉल लायटर. वाफ धरलेल्या काचा, छत्र्या, लाल रंगाचा एखादा तुकडा. न्यूयॉर्कमध्ये एकाच वस्तीत तो पन्नासहून जास्त वर्षं राहिला आणि बरेचसे फोटो त्याच परिसरातले. आईच्या आजारपणात माझं बाहेर पडणं थांबलं, तेव्हा मी कॅमेरा विकायला काढला होता. लायटरचे फोटो पाहिले आणि विकायचं राहिलं. तिच्या पलंगाजवळच्या खिडकीतून रोज एक फोटो काढला, काच न पुसता. पाऊस, पलीकडची बाल्कनी, कुणाचा तरी हिरवा टॉवेल. आई म्हणायची, "अरे, काच तरी पूस!"

ती गेल्यावर ते सगळे एकदा चाळले. एकाही फोटोत ती नाही. तीन फोटोंत वाफेवर बोटाने ओढलेली रेघ आहे, ती तिची.