नीलगिरीची वाफेची गाडी : वडिलांना एका दिवसात नेऊन आणायचंय, कसं जमवू?

पूर्णेची लेक

नमस्कार मंडळी. माझे बाबा पूर्णेच्या लोको शेडमध्ये क्लीनर म्हणून लागले. मग सेकंड फायरमन, फर्स्ट फायरमन, शंटर, ड्रायव्हर असे एकेक पायरी चढत गेले. मनमाड-काचीगुडा मीटरगेजवर, म्हणजे एक मीटर रुंदीच्या रुळांवर, वायपी आणि वायजी या वाफेच्या इंजिनांसमोर त्यांची सगळी तरुणाई गेली. पुढे ब्रॉडगेज झालं, डिझेल आलं आणि ते डिझेलवरूनच निवृत्त झाले. पण घरात विषय निघतो तो वाफेच्या इंजिनाचाच. आता पंच्याहत्तरी जवळ आलीय, गुडघे दुखतात, एका कानाने कमी ऐकू येतं. मध्यंतरी टीव्हीवर उटीची गाडी दाखवली, तेव्हा एवढंच म्हणाले, "मीटरगेज आहे ना ती?" तेव्हापासून मला चैन नाही.

भाऊ कोइंबतूरला नोकरीला आहे. त्याच्याकडे चार दिवस जाणार आहोत, त्यातला एक दिवस या गाडीसाठी ठेवलाय. इथल्या ट्रॅव्हल एजंटचं म्हणणं, कारने थेट उटीला जा आणि उटी-कुन्नूर तेवढं गाडीत बसा, गाडी तीच आहे, तासाभरात होतं, म्हाताऱ्या माणसाला पहाटे उठवायची गरज नाही. हे बरोबर आहे का? फर्स्ट क्लास घेऊ का? डब्यात संडासाची सोय असते का? आणि कोणत्या महिन्यात जावं? ज्यांनी प्रत्यक्ष प्रवास केलाय त्यांनी कृपया सांगा.

खडकीवाली

एजंटचं अजिबात ऐकू नका. उटी-कुन्नूरच्या टप्प्यात डिझेल इंजिन असतं. डबे तेच निळे, रूळ तेच, पण वाफ नाही. वाफेचं इंजिन फक्त मेट्टुपाळयम ते कुन्नूर. कितीतरी लोक वरचा टप्पा करून येतात आणि आपण वाफेच्या गाडीत बसलो असं समजतात. तुमच्या बाबांना मात्र प्लॅटफॉर्मवर पाय ठेवताक्षणी कळेल, आणि त्यांचा हिरमोड मला इथं बसून बघवणार नाही.

आमचे हे अरवंकाडूच्या कॉर्डाइट फॅक्टरीत होते, मग बदली होऊन आम्ही खडकीला आलो. अरवंकाडू हे कुन्नूर आणि उटीच्या मधलं स्टेशन. माझी मुलं त्या गाडीच्या शिट्टीवर लहानाची मोठी झाली. महाराष्ट्रातून पाहुणे आले की त्यांना घेऊन मीच खाली मेट्टुपाळयमला जायची, म्हणून हे सगळं हक्काने सांगतेय.

असं करा. सकाळी सातच्या सुमारास मेट्टुपाळयमहून दिवसातली एकच गाडी वर जाते. कोइंबतूरहून तिथवर रस्त्याने पस्तीस-चाळीस किलोमीटर आहे, म्हणजे पाचला घर सोडा आणि सहाला स्टेशनात हजर राहा. तो एक तास वाया जात नाही. इंजिन शेडमधून येतं, पाणी भरतं, डब्यांना लागतं, आणि हे सगळं बाबांना दहा पावलांवरून बघता येतं. मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरवर आहे आणि कुन्नूर सुमारे १७०० मीटरवर. तेवढं चढायला गाडीला तीन-साडेतीन तास लागतात. कुन्नूरला वाफेचं इंजिन सुटतं. तिथेच उतरा. उटीला जाऊ नका, एका दिवसात उटीची दगदग नको आणि त्या टप्प्यात बाबांसाठी काही नाही. कुन्नूर स्टेशनला लागूनच लोको शेड आहे. इंजिन सुटून तिकडे जातं ते निवांत बघा, जेवा, बाबांना आडवं व्हायचं असेल तर दोन-चार तासांसाठी एखादी खोली घ्या. दुपारी दोनला उटीहून निघालेली गाडी तीन-सव्वातीनला कुन्नूरला येते, तिला पुन्हा वाफेचं इंजिन लागतं आणि साडेपाचच्या पुढे तुम्ही खाली पोचता. वेळा जायच्या आधी रेल्वेच्या साइटवर ताडून घ्या.

तिकीट साठ दिवस आधी उघडतं आणि लगेच संपतं, तेव्हा त्या दिवशी सकाळीच बसा. कुन्नूरपर्यंतचं मिळालं नाही तर उटीपर्यंतचं काढा आणि मध्येच उतरा. परतीचं तिकीट त्याच वेळी करून टाका.

आता फर्स्ट क्लास. चढताना इंजिन पुढे नसतं, मागून ढकलतं. फर्स्ट क्लासचा डबा बहुतेक वेळा वरच्या टोकाला असतो, म्हणजे समोर मोकळी दरी, झाडं, बोगद्याचं तोंड. दुसऱ्या कुणाला मी तोच घ्या म्हणाले असते. पण तुमच्या बाबांना दरी बघायची नाहीये. त्यांना इंजिनाचा श्वास ऐकायचाय. सेकंड सीटिंग घ्या आणि शक्य तेवढं इंजिनाजवळ बसा. बाकडी साधी आहेत, गुडघ्यांसाठी एक उशी न्या.

संडास डब्यात नाही. पण गाडी पाणी भरायला थांबते तेव्हा उतरायला वेळ मिळतो. वाटेतल्या हिलग्रोव्ह स्टेशनात चहा-वडा मिळतो, आणि तिथली माकडं हातातलं घेऊन जातात, तेव्हा बाबांची औषधं आणि चष्मा पिशवीत बंद ठेवा. डब्याच्या पायऱ्या उंच आहेत, चढताना भावाने खालून आधार द्यावा.

महिना जानेवारी ते मार्च. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे परतीचा पाऊस असतो, दरडी कोसळतात आणि नेमका हाच खालचा टप्पा बंद होतो. एप्रिल-मेमध्ये गर्दी इतकी की तिकिटाचं नाव काढू नका.

घाटमाथा

खडकीवाली ताईंनी छान सांगितलंय. तरी एक वेगळा विचार मांडतो. बाबा फायरमन होते. नीलगिरीची बरीचशी इंजिनं आता कोळशाऐवजी तेल जाळून वाफ करतात. तिथे फायरमनच्या हातात फावडं नसतं, भट्टीचं दार उघडून कोळसा मारणं नसतं. त्यापेक्षा दार्जिलिंगला न्या. दार्जिलिंग ते घूम आणि परत अशी वाफेची जॉय राइड दोनेक तासांत होते, मध्ये बतासिया लूप या रुळांच्या गोल वळशापाशी थांबते. ती बी क्लासची बुटकी इंजिनं, त्यांचा आराखडा १८८९ चा, आणि अजून कोळसा हातानेच. एक माणूस कोळशाच्या ढिगावर बसून ढेकळं फोडतो, पुढे बफरपाशी दोघं बसून चाकं घसरू नयेत म्हणून रुळांवर वाळू टाकतात. इंजिन शेड रस्त्यालगत आहे. माझ्या सासऱ्यांना नेलं होतं, ते रेल्वेत नव्हते तरी भट्टीसमोरून हलायला तयार नव्हते.

उटीची गाडी आणि ही दार्जिलिंगची, दोन्ही युनेस्कोच्या यादीत एकाच नोंदीत आहेत (दार्जिलिंग १९९९, नीलगिरी २००५). कोळसा बघायचा तर दार्जिलिंग, असं माझं मत.

खडकीवाली

घाटमाथा, कोळशाचं तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते मी आधीच लिहायला हवं होतं, इतकं महत्त्वाचं आहे. बाबांना घरून निघायच्या आधीच सांगून ठेवा की इंजिन बहुधा तेलाचं लागेल. त्रिचीच्या गोल्डन रॉक कारखान्याने २०२१ मध्ये या घाटासाठी कोळशावर चालणारं नवं इंजिन बांधून दिलं, पण त्या दिवशी कोणतं इंजिन लागेल याचा भरवसा नाही.

तरीही मी नीलगिरीच म्हणेन. दार्जिलिंगचे रूळ जेमतेम दोन फुटांचे. पूर्णेच्या माणसाला तो वेगळाच मुलूख वाटेल. बाबांनी विचारलं काय? "मीटरगेज आहे ना ती?" असं विचारलं. नीलगिरीचे रूळ एक मीटरचे, म्हणजे ज्या रुंदीवर त्यांनी आयुष्य काढलं तेच. आता आपल्याकडचं मीटरगेज सगळं उखडून ब्रॉडगेज झालंय. मीटरगेजवर, वाफेवर, रोजची तिकिटाची गाडी आणि मुलगी शेजारी बसलेली, हे त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार? हरियाणात रेवाडीच्या शेडमध्ये वायजी इंजिनं जपून ठेवली आहेत, तिथेही एकदा जरूर न्या, पण तिथे बघणं आहे, इथे प्रवास आहे. आणि परभणीकडून पंच्याहत्तरीच्या माणसाला दार्जिलिंगला न्यायचं म्हणजे किती गाड्या बदलायच्या! भाऊ कोइंबतूरला आहे, घरचं जेवण आहे, रात्री पाठ टेकायला आपली माणसं आहेत.

पूर्णेची लेक

दोघांचेही मनापासून आभार. बाबांना मघाशी सगळं वाचून दाखवलं. तेलाचं इंजिन ऐकून थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "वाफ तर वाफच असते ना." त्यांनी उलट मलाच प्रश्न विचारलेत, मला उत्तरं येत नाहीत. घाट किती चढाचा आहे? या घाटात रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते म्हणे, ती नेमकी कशी असते आणि चाकांना लागते कशी? आणि सगळ्यांत जास्त वेळा विचारलं ते हे, की उतरताना गाडी कशाच्या जोरावर धरतात?

खडकीवाली

काका, थेट तुम्हालाच लिहिते, लेकीने वाचून दाखवावं.

चढ बाराला एक, म्हणजे बारा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. भोर घाटात सदतिसाला एक आहे, यावरून तुमच्या लक्षात येईल. नुसत्या चाकांनी तो चढ होत नाही, म्हणून पायथ्याकडच्या कल्लार स्टेशनापासून कुन्नूरपर्यंत दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी टाकलीय. पट्ट्या दोन, शेजारी शेजारी, आणि एकीचा दात जिथे आहे तिथे दुसरीची खाच. त्यामुळे इंजिनाखालच्या दातेरी चाकाचा कुठला ना कुठला दात कायम अडकलेला असतो. कल्लारला पट्टीत शिरताना ड्रायव्हर गाडी अगदी हळू करतो, दात दातांत बसतात तो हिसका तुम्हाला बाकावर कळेल. पट्टीवर वेग तासाला तेरा किलोमीटरच्या वर नेत नाहीत.

इंजिन एक्स क्लासचं, मूळची स्वित्झर्लंडच्या विंटरथुरची बांधणी, आठ चाकं ओढीची. सिलिंडर चार, दोन्ही बाजूंना एकावर एक. वाफ आधी एका जोडीत जाऊन रुळावरची चाकं फिरवते, आणि तीच वापरलेली वाफ दुसऱ्या जोडीत जाऊन दातेरी चाकं फिरवते. बाजूला उभं राहिलात तर दोन्ही जोड्यांचे दांडे वेगवेगळ्या चालीने हलताना दिसतील. आमच्या ह्यांना यंत्राचं वेड, ते तेवढंच बघायला रविवारी कुन्नूरला जायचे.

आता उतार. उतरताना इंजिन खालच्या अंगालाच असतं, म्हणजे पुढे, आणि सगळी गाडी त्याच्या पाठीवर टेकलेली. ड्रायव्हर सिलिंडरला वाफ देत नाही. सिलिंडरमध्ये हवा ओढून दाबली जाते आणि त्या दाबाने इंजिन स्वतःलाच थोपवत उतरतं. शिवाय प्रत्येक डब्यावर एकेक ब्रेक्समन उभा असतो, इंजिनाच्या शिट्टीच्या इशाऱ्यावर आपापल्या डब्याचा हातब्रेक आवळतो, सोडतो. चढताना सगळ्यांत पुढच्या डब्यावरचा माणूस हातात झेंडा घेऊन असतो, कारण ड्रायव्हर मागे आणि त्याला पुढची वाट दिसत नाही. त्या ब्रेक्समनशी बोला, काका. स्टेशनात गाडी थांबली की हे लोक आनंदाने बोलतात. भाषेची अडचण येऊ देऊ नका, इंजेक्टर, गेज ग्लास, व्हॅक्यूम हे शब्द तिकडेही हेच आहेत. जुनं ओळखपत्र किंवा पेन्शनचं कार्ड खिशात ठेवा. कुन्नूरला शेडच्या माणसांना अदबीने विचारा, आत घेणं त्यांच्या मर्जीवर, पण फायरमन आहे म्हटल्यावर सहसा निदान दारापर्यंत येऊन कुणीतरी बोलतं.

लेकी, तुझ्यासाठी दोन गोष्टी. सकाळी कुन्नूरला गारवा असतो, मफलर घे. आणि ज्या कानाने बाबांना नीट ऐकू येतं तो कान इंजिनाकडे येईल असं बसव. तिकीट हातात आलं की इथे तारीख टाक. अरवंकाडूला आमचे जुने शेजारी अजून आहेत, त्या आठवड्यात खालचा टप्पा चालू आहे का ते त्यांना फोन करून तुला कळवते.