सही झाल्यावर बदल नाही : सरकारी सॉफ्टवेअरचे अनुभव

गोव्यातील सरकारी खात्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि निमूटपणे वापरणाऱ्या सर्वांनी येथे आपले अनुभव लिहावेत. निविदा, एसआरएस (सॉफ्टवेअरने काय काय करावे याचा लेखी दस्तऐवज), आराखडा, बांधणी, चाचणी हा ठरलेला क्रम प्रत्यक्ष कामाशी कुठे अडखळला, एवढेच सांगावे. खात्याचे वा कंपनीचे नाव मात्र लिहू नये. सुरुवात मीच करतो.

मी रस्त्यांच्या कामावरचा स्थापत्य अभियंता. आमची कागदी मापवही संगणकावर आणायचे ठरले, तेव्हा एसआरएसवर सही करणारे साहेब पुढे बदलून गेले आणि आम्हाला तो दस्तऐवज थेट चाचणीच्या दिवशीच दिसला. जागेवरचा फोटो चढल्याशिवाय माप जतन होत नसे, आणि सत्तरी तालुक्यातल्या डोंगराळ गावांत, त्यातही पावसाळ्यात, मोबाईलला रेंजच मिळत नसे. माप फोनमध्ये साठवून नंतर चढवण्याची सोय दोन दिवसांत करून देतो, असे कंपनीचा मुलगा म्हणाला. परंतु ती 'व्याप्तीबाहेर' ठरली, समितीकडे गेली आणि सात महिन्यांनी मंजूर झाली. तोवर आम्ही दिवसा कागदावर मापे लिहीत होतो आणि संध्याकाळी कार्यालयात बसून तीच पुन्हा भरत होतो. फोटो अर्थातच कार्यालयाच्या भिंतीचा असे.

म्हापशाहून, कंत्राटी प्रोग्रामर
अर्जात नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन सक्तीचे रकाने होते. गोव्यातली चार-पाच शब्दांची पोर्तुगीज वळणाची नावे त्यांत बसणार नाहीत, हे मला दिसत होते, म्हणून दोन दिवस खिडकीवर बसू द्या अशी विनंती मी केली. गरजा गोळा करण्याचा टप्पा संपला आहे, असे उत्तर आले. खिडकीवरच्या बाईंनी मग आपला मार्ग काढला. अहवाल छापला तेव्हा बऱ्याच अर्जदारांच्या वडिलांचे नाव एक टिंब होते.

वास्कोहून, निवृत्त
अमेरिकी सॉफ्टवेअर तज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनी १९७० साली या ठरलेल्या क्रमाची पायऱ्यापायऱ्यांची आकृती एका लेखात मांडली, तेव्हाच असे काम धोक्याचे आहे, असेही त्याच लेखात बजावले होते. अमेरिकी संरक्षण खात्याने १९८५ साली सॉफ्टवेअर बांधणीसाठी २१६७ क्रमांकाचे, याच क्रमावर बेतलेले मानक काढले आणि १९९४ साली त्याच्या जागी दुसरे आणले. आमच्याकडे त्याच धाटणीचे दस्तऐवजांचे नमुने मी निवृत्त होईपर्यंत चालले. अशा नमुन्यातल्या एका प्रकरणाखाली मी 'लागू नाही' असे लिहिले, तर ते का लागू नाही याचे परिशिष्ट मागण्यात आले.

पर्वरीहून, अधिकारी
आमचीही बाजू ऐकावी. काम ठरावीक किमतीचे असते. व्याप्ती मोकळी ठेवली तर बोली लावणाऱ्याने दर कशाचा द्यायचा, आणि वाढीव बिलावर लेखापरीक्षणात आक्षेप आला तर उत्तर कोणी द्यायचे? तरीही मागच्या निविदेत मी बदलांसाठी मनुष्य-दिवसांच्या दराने वेगळी तरतूद केली होती. बदल कोणते होणार ते आधीच नमूद करावे, असा शेरा घेऊन फाईल परत आली.