विषय: सांगलीची बाथरूम, फरशी फोडायच्या आधी

नमस्कार मंडळी,

सांगलीत गावभागात आई-बाबांचं दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावरची ८ बाय ५ फुटांची बाथरूम नव्यानं करायची आहे. खालच्या खोलीच्या छताला ओल येते. गच्चीवर टाकी आणि ट्यूबवाला सोलर वॉटर हीटर आहे. रेन शॉवर, कन्सील्ड डायव्हर्टर (भिंतीत गाडलेला, पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारा) आणि भिंतीतला कमोड पसंत केलाय. ठेकेदारानं ‘सगळं मिळून’ एकच आकडा दिलाय. गणपतीत तीन आठवडे तिकडे आहे. तेवढ्यात उरकेल का? टाइल्स किती मागवू?

– गावभागकर

*

गावभागकर,

तीन आठवड्यांत पूर्ण होत नाही. फोडायला दोन दिवस, पाइप आणि त्यांची चाचणी तीन, प्लास्टर आणि त्यावर पाणी मारणं सहा-सात, वॉटरप्रूफिंग आणि पाणी कोंडून बघणं चार-पाच, भराव आणि कोबा (वरचा सिमेंटचा थर) सुकेपर्यंत आठवडा, मग टाइल्स चार, फिटिंग दोन. चार आठवडे धराच. तुमचे तीन आठवडे सुरुवातीच्या कामाला द्या. नळ आणि आरसा लावायला तुम्ही नसलात तरी चालेल, पण जे टाइलखाली गाडलं जाणार आहे ते उघडं असताना तुम्ही तिथं हवेत.

ओल येते म्हणजे टाइल्सच्या फटींत वरवर ग्राउट भरून भागणार नाही. सन्क स्लॅबपर्यंत, म्हणजे बाथरूमखाली मुद्दाम खोल टाकलेल्या स्लॅबपर्यंत, सगळा भराव काढायला लावा. राडारोडा ट्रॉलीनं बाहेर गेला पाहिजे, तोच परत आत भरायचा नाही. हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे. एक फूट खोल सन्क असेल तर ४० घनफूट भराव होतो. तो विटा-रोड्याचा असला तर जवळजवळ दोन टन वजन आणि वर ओल धरून ठेवणारा स्पंज. हलक्या ब्लॉकचे तुकडे वापरले तर वजन टनाच्या आत राहतं.

स्लॅब घासून धुवा, भेगा व्ही आकारात खोदून पॉलिमर मॉर्टरनं भरा. भिंत आणि स्लॅब जिथं मिळतात त्या कोपऱ्यात सिमेंटचा वाटा काढा, म्हणजे गोलाई. काटकोनात कोटिंग ताणलं जातं आणि पहिलं तिथंच फुटतं. पाइप स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातो तिथं नुसतं सिमेंट थापलेलं असतं, आणि निम्मी गळती तिथूनच असते. भोकाभोवती नॉन-श्रिंक (सुकताना न आकसणारं) ग्राउट भरायला सांगा. मग सिमेंट-पॉलिमर कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा. भिंतीवर सगळीकडे फूटभर, शॉवरच्या बाजूला सहा-सात फूट.

आता महत्त्वाचं. पाइपांची तोंडं टेस्ट प्लगनं बंद करून सन्कमध्ये चार इंच पाणी भरा, पातळीवर पेन्सिलची रेघ मारा आणि ४८ तास हात लावू नका. खालचं छत सकाळ-संध्याकाळ बघा. बाष्पीभवनानं दोन-तीन मिलिमीटर उतरेल, बोटभर उतरलं तर गळतंय. ही चाचणी झाल्याशिवाय भराव नाही. भराव आणि कोबा झाल्यावर त्यावर पुन्हा एक कोटिंग करा आणि परत पाणी कोंडा. सन्कच्या तळातून पाऊण इंची स्पाउट (छोटी नळी) बाहेरच्या भिंतीला काढून ठेवा. पुढं कधी आत पाणी साठलं तर छताऐवजी तिथून ठिबकेल आणि लगेच कळेल.

उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीकडे, पाच फुटांत पाऊण इंच. ट्रॅप ५० मिलिमीटर वॉटर सीलचाच (वास अडवायला आत साठणारं पाणी) घ्या. उथळ ट्रॅप उन्हाळ्यात सुकतो आणि वास येतो.

टाइल्सचा हिशेब: परिमिती २६ फूट, उंची ७, दार वगळून १६५ चौरस फूट. ३०० बाय ४५० ची टाइल १.४५ चौरस फुटांची, म्हणजे ११४, दहा टक्के फूट-तूट धरून १२५. जमिनीला ३०० बाय ३०० ची खरबरीत टाइल, ४६ नग. सगळ्या खोक्यांवर बॅच आणि शेड एकच हवी, आणि एक खोकं जादा घेऊन माळ्यावर टाका. तीच शेड दोन वर्षांनी मिळत नाही. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही, म्हणून सिमेंटच्या गोळ्यांवर चिकटवली की मागं पोकळी राहते आणि सुटते. तिला अ‍ॅडेसिव्ह, दातेरी थापीनं पूर्ण पाठीला.

– सिव्हिलवाले काका

*

काकांनी टाइलखालचं सांगितलं, मी नळातलं सांगते.

गावभागकर, रेन शॉवर मागवायच्या आधी टाकीची उंची मोजा. पाण्याची दहा मीटर उंची म्हणजे १ किलो दाब (चौरस सेंटिमीटरला एक किलो). टाकीचा तळ शॉवरच्या वर आठ फूट असेल तर मिळतो जेमतेम पाव किलो. बऱ्याच कन्सील्ड डायव्हर्टरना अर्धा किलो तरी लागतो. म्हणजे भिंत फोडून बसवलेला महागडा शॉवर ठिबकत राहील. साधा शॉवर आणि भिंतीवरचा मिक्सर घेतला तर पंप लागणारच नाही, आणि बिघडला तर टाइल न फोडता बदलता येतो. आई-बाबांसाठी मी हाच घेईन.

पंप लावायचाच असेल तर सोलरच्या टाकीत पाणी दाबून सोडू नका. ट्यूबवाल्या सोलरची टाकी बहुतेक बिनदाबाची असते, ती फुगते किंवा फुटते. पंप टाकीच्या पुढं, गरम पाणी सोसणारा. टाकीवरचा हवेचा पाइप उघडाच ठेवा. गरम आणि थंड लाइनचा दाब वेगळा असेल तर मिक्सरमधून एक पाणी दुसऱ्या लाइनीत घुसतं, म्हणून दोन्हीकडे एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं न जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, लावा.

पाइप सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारं प्लास्टिक), एसडीआर ११ म्हणजे जाड भिंतीच्या वर्गाचा. मेन लाइन पाऊण इंची, नळांना अर्धा. सोलरच्या पाण्यानं यूपीव्हीसी (थंड पाण्याचा प्लास्टिक पाइप) मऊ पडतो, त्यामुळं गरम लाइनीला तो कुणी सुचवला तर नकार द्या. नळ जिथं आटे घालून बसतो तिथं पितळी इन्सर्टची एल्बो घ्या. जोड दिल्यावर २४ तास थांबा, मग हातपंपानं १० किलो दाब चढवा. काटा तासभर हलता कामा नये. प्लास्टर त्यानंतर.

भिंतीतल्या कमोडची टाकी चार इंची विटेच्या भिंतीत मावत नाही. पुढं वेगळी लोखंडी फ्रेम उभी करून बांधावं लागतं आणि आठ इंच जागा जाते. पाच फूट रुंदीत हे परवडणारं नाही. जमिनीवरचा पी-ट्रॅप (मागं भिंतीतून निचरा होणारा) कमोड बसवा, बसायची उंची १७-१८ इंच. एस-ट्रॅप (खाली जमिनीत निचरा होणारा) असेल तर भिंतीपासूनचं अंतर टाइल लागल्यावरच्या भिंतीपासून मोजा. प्लास्टर आणि टाइल मिळून इंच-सव्वा इंच खातात आणि कमोड मागं भिडतो.

गिझरला १६ अँपिअरचा पॉइंट, ४ चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). आधाराची दांडी ३३ ते ३६ इंचांवर, आणि दार बाहेर उघडणारं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

– सोलर-प्लंबिंगवाली ताई

*

ठेकेदाराच्या ‘सगळं मिळून’ आकड्याबद्दल. मजुरी वेगळी आणि माल वेगळा लिहून घ्या. वॉटरप्रूफिंगचं उत्पादन, हात किती, पाइपचा वर्ग हे त्यात शब्दानं हवं. उचल १५ टक्के. पुढचा हप्ता दाबाची चाचणी झाल्यावर, त्यापुढचा पाणी कोंडून ४८ तास झाल्यावर, मग टाइल्स झाल्यावर, आणि शेवटचे १० टक्के वापर सुरू होऊन महिना झाल्यावर. प्रत्येक टप्प्यावर टेप धरून पाइपांचे फोटो मागा, कारण उद्या दांडीसाठी ड्रिल मारताना त्याच फोटोंवरून भोक कुठं घ्यायचं ते ठरेल.

एक गावभागाची गोष्ट राहिलीच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ फूट. पुराचं पाणी दारातून यायच्या आधी ड्रेनेजमधून उलटं चढतं आणि खालच्या मजल्याच्या नहाणीतून वर येतं. वरची बाथरूम करताना गवंडी-प्लंबर आलेलेच आहेत, तर बाहेरच्या चेंबरमध्ये झडपेचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घ्या. तो चेंबरच्या झाकणाखाली हात पोचेल असा हवा, कारण झडपेत कचरा अडकला की ती बंद होत नाही. दरवर्षी मे महिन्यात उघडून धुवायची.

– मिरजेहून